दोन वीत, तीन बोटं

मनकर्णावहिनींना बास्केटबॉल कळतो असं आमच्या गावात कोणाला सांगितलं तर तो आधी हसेल आणि मग विचारेल, "कोण, खिचडीवाल्या?" होय, खिचडीवाल्याच. आमच्या शाळेत गेली सोळा वर्षं त्या पोरांचं दुपारचं जेवण शिजवतात. स्वयंपाकाच्या शेडची खिडकी बरोबर मैदानावर उघडते. फोडणी देता देता त्या बाहेर बघतात आणि सांगतात, की अमुक पोरगा चेंडू टाकताना कोपर बाहेर काढतो, म्हणून त्याचा चेंडू डावीकडं जातो. मी शाळेतला मास्तर, गावच्या संघाचा मॅनेजर, आणि पूर्वीचा खेळाडू. मला तीच गोष्ट तीन दिवसांनी दिसते.

गावात त्यांची आणखी एक ओळख आहे. ती सांगताना लोक आवाज खाली करतात, तेवढी सभ्यता आहे आमच्यात. पांढऱ्या पायाची बाई. ज्या दिवशी ही या गावात आली, त्या दिवसापासून आपला संघ हरायला लागला, असं चोवीस वर्षं बोललं जातं. ही ओळख त्यांना मी दिली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कोणाला गुन्हेगार शोधत बसायला नको.

आमचं गाव वारंगा फाट्यापासून पाच किलोमीटर आत. अशा गावात बास्केटबॉल कुठून आला, असं बाहेरचा माणूस हमखास विचारतो. मी सातवीत असताना देगलूरकडचे एक पीटीचे सर बदलून आले. त्यांना कबड्डीचा राग होता आणि बास्केटबॉलशिवाय दुसरं काही येत नव्हतं. त्यांनी दोन लोखंडी खांब रोवले. रिंगा गावच्या लोहारानं बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेपासून वाकवून दिल्या. सरांनी कागदावर माप लिहून दिलं होतं. लोहारानं कागद बाजूला ठेवला, चेंडू हातात घेऊन फिरवून बघितला आणि म्हणाला, "आरामात जाईल असं करतो." त्याच्या ह्या आरामाची गोष्ट पुढं येईलच.

त्या रिंगांवर आम्ही दहा वर्षं खेळलो. आजूबाजूच्या गावांचे, आखाडा बाळापूरचे, कळमनुरीचे संघ आमच्या मैदानावर बोलवायचे आणि हरवून परत पाठवायचे. बाहेर आम्ही कधी गेलोच नव्हतो. आमच्यात सगळ्यात देखणा खेळ वैजनाथचा. मी, ओमप्रकाश, कप्तान. मग हिंगोलीला जिल्ह्याच्या ग्रामीण चषकाची फायनल खेळायची संधी आली. बाकीच्या दोन संघांनी ऐनवेळी नावं मागं घेतल्यामुळं आली, पण आम्हाला वाटलं कर्तृत्वामुळं. सामन्याच्या आदल्या दिवशी वैजनाथचं लग्न होतं. हळद लावलेल्या हातानं तो खेळायला आला, आणि त्या दिवशी आमच्यात बरा खेळला तो एकटाच.

शेवटचे काही सेकंद राहिले होते. वसमतचा संघ एका गुणानं पुढं. मला फाऊल मिळाला, दोन फ्री थ्रो. गावच्या मैदानावर मी डोळे मिटून टाकायचो ते. पहिला रिंगच्या काठाला लागून बाहेर आला. दुसरा पण लागून बाहेर आला. संपलं.

परत येताना फाट्यावर चहाला टेम्पो थांबला. सगळे बशीत बघत होते, आणि मला माहीत होतं की आता कोणीतरी मान वर करणार आणि माझं नाव घेणार. मी बावीस वर्षांचा होतो. मी म्हणालो, "काल वैजूच्या घरी नवं माणूस आलं न्. पाह्यला का पायगुण?"

मग व्यंकटराव म्हणाले, "व्हय रे, ह्ये तर ध्यानातच आलं न्हाई." व्यंकटराव म्हणजे गावच्या क्रीडा मंडळाचे तेव्हाचेही अध्यक्ष आणि आत्ताचेही. सगळे हसले. वैजनाथ पण हसला, नवरदेवाला हसावंच लागतं. माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, थट्टा झाली, आठ दिवसांत विसरतील.

विसरले नाहीत, कारण आम्ही हरत राहिलो. पुढच्या वर्षी बाहेर गेलो आणि हरलो, त्याच्या पुढच्या वर्षीही हरलो. पोरं बदलली, टेम्पो बदलला, पीटीचे सर निवृत्त होऊन गावी गेले, आमचा हरण्याचा क्रम चुकला नाही. प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणायचंच, "निघताना मनकर्णाचं तोंड पाह्यलं का कोनी?" आणि मग एक रीतच पडून गेली. सामन्याच्या सकाळी मारुतीच्या पारापुढं टेम्पो उभा राहायचा, नारळ फुटायचा, बायका पोरांना ओवाळायच्या. त्याआधी व्यंकटराव वैजनाथच्या दारापुढं जाऊन, चक्क हात जोडून म्हणायचे, "सूनबाई, तेवढं दार लोटून घ्या. गाडी शिवेबाहेर गेली की उघडा." इतक्या गोडीनं म्हणायचे की त्यात अपमान कुठं आहे हे दाखवता येऊ नये.

वहिनी दार लोटून घ्यायच्या.

असलं काही टेम्पोपुरतं राहत नाही. कोणी नवी म्हैस आणली तर ती वैजनाथच्या घरावरून न नेता मागच्या बोळानं नेऊ लागले. कोणाच्या घरी मुलगी बघायला पाहुणे आले की वहिनींना सांगावा जायचा, "चहाला हात लावायला शेजारची संगिता येतीय, तुमी नगा तकलीफ घेऊ." वैजनाथनं दोन वर्षांत खेळ सोडला. बायकोची बाजू घेऊन तो एकदाही कोणाशी भांडला नाही. "थट्टा हाय, मनावर घेऊ नगं," एवढंच म्हणायचा. मीही भांडलो नाही. माझ्या तर ते सोयीचंच होतं. चोवीस वर्षांत आमच्या गावात एकाही माणसानं मला विचारलं नाही की ओमसर, ते दोन फ्री थ्रो कसे काय चुकले होते?

आणि आता एक गोष्ट ऐका, मला ती आठवली की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. आम्ही हरायचो ते बाहेर. बाहेरच्या सामन्याला वहिनी कधी गेल्याच नाहीत, त्या घरात, दाराच्या आड. घरच्या मैदानावर मात्र आम्ही जवळपास प्रत्येक सामना जिंकत होतो, आणि शेडमध्ये कामाला लागल्यापासून घरचा प्रत्येक सामना त्यांनी तिथल्या खिडकीतून पाहिला होता. म्हणजे त्यांची नजर असली की जीत आणि नसली की हार. एवढं सरळ होतं. मी गणित शिकवतो शाळेत. ते माझ्याही डोक्यात आलं नाही.

त्या मात्र बघत होत्या. ज्या खेळापायी आपलं नाव खराब झालं त्याच्याकडं एखाद्या बाईनं पाठ फिरवली असती. ह्यांनी उलटं केलं. त्या खेळाच्या मागंच लागल्या. मला वाटतं, त्यांना मूळ शोधायचं होतं. संघ हरला की दुसऱ्या दिवशी भांडी घासता घासता विचारायच्या, "भाऊजी, किती चेंडू काठाला लागून भायेर आले?" मी म्हणायचो, "लई आले." त्या मान हलवायच्या. पुढच्या वर्षी पुन्हा तेच विचारायच्या. मला कधी वाटलं नाही की ही बाई उगीच विचारत नाही.

तीन वर्षांपूर्वी खिचडी शिजवणाऱ्या बायकांचं एक प्रशिक्षण कळमनुरीच्या एका शाळेत झालं. तिथल्या मैदानावर बास्केटबॉलचं कोर्ट होतं, सिमेंटचं, सरकारी मापाचं. दुपारच्या सुट्टीत बाकीच्या बायका डबे उघडून बसल्या आणि मनकर्णावहिनी उन्हात जाऊन रिंगच्या सावलीपाशी बसल्या. रिंगची सावली जमिनीवर गोल पडलेली. ती त्यांनी वितीनं मोजली. दुसऱ्या दिवशी आमच्या मैदानावरची सावली मोजली. पोरं हसत होती की खिचडीवाल्या मावशी मातीत काय शोधून राहिल्या.

मधल्या सुट्टीत त्या माझ्याकडं आल्या. "भाऊजी, तिथली रिंग दोन वीत तीन बोटं हाय. आपली दोन वीत सहा बोटं हाय. तीन बोटांचा फरक हाय बराबर. आपली पोरं मोठ्या तोंडात टाकायला शिकून राहिलीत. भायेर गेली की तेच चेंडू काठाला लागून राहिलेत."

मी शिडी आणली, टेप लावला. रिंग पंचेचाळीस सेंटिमीटरची हवी. आमची एक्कावन्न निघाली. लोहाराचा आराम! मी शिडीवर उभा होतो आणि मला एकवीस वर्षांपूर्वीचे माझे दोन्ही फ्री थ्रो दिसले. दोन्ही आमच्या रिंगमध्ये गेले असते. माझा तरी त्यात अर्धाच दोष होता, आणि त्या बाईचा तर काहीच नव्हता.

आता खरा माणूस काय करील? पारावर जाऊन ओरडून सांगेल. मी काय केलं? मंडळाच्या बैठकीत सांगितलं की मी रिंगा मोजल्या, त्या चुकीच्या निघाल्या, आणि नव्या आणायला पाहिजेत. 'मी मोजल्या' हे खोटं नव्हतं. शिडीवर मीच चढलो होतो. व्यंकटरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "याला म्हनतात शिकल्याला माणूस." वहिनींचं नाव घेतलं असतं तर लोक म्हणाले असते, त्या बाईच्या नादी लागून खांब कशाला उपटता? असं मी मला समजावलं. संघाच्या भल्यासाठीच नाव घेतलं नाही, असंही समजावलं. माणूस स्वतःला काय काय समजावू शकतो याला मर्यादा नाही. वहिनींना ते कळलं. त्या दिवशी त्यांनी मला चहा दिला तो नेहमीसारखाच होता.

नव्या रिंगांवर पहिलं वर्ष पोरांचे हाल झाले, घरच्या मैदानावरही हरायला लागली. दुसऱ्या वर्षी हात बसला. आणि यंदा, या जानेवारीत, आमचं मंडळ जिल्ह्याच्या चषकात साखळीतून बाद फेरीत गेलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वैजनाथ-मनकर्णाचा रुद्र यंदा आमचा कप्तान, वीस वर्षांचा, बापासारखा देखणा खेळ आणि आईसारखी बारीक नजर. सहा जणांच्या पायात चार प्रकारचे बूट. उपांत्यपूर्व सामन्यात सेनगावकडच्या संघाला अकरा गुणांनी हरवलं. उपांत्य सामन्यात खुद्द हिंगोलीच्या संघाला हरवलं, ज्यांच्याकडं पाणी द्यायला वेगळा माणूस होता. आता फायनल, समोर वसमत.

गाव येडं झालं. ज्यांना रिंग आणि टोपलं यातला फरक कळत नव्हता ते पारावर बसून डावपेच सांगू लागले. दोन्ही सामन्यांच्या सकाळी व्यंकटरावांनी वैजनाथच्या दारापुढं हात जोडले होते. त्यामुळं गावाच्या दृष्टीनं सगळं बराबर चाललं होतं.

उपांत्य सामना जिंकून आलो त्या संध्याकाळी मी रुद्रला सोडायला घरी गेलो. वहिनींनी सूप पुढं घेतलं होतं. सुपात पाच हरभरे आणि पाच तुरीचे दाणे. हरभरे आपले, तूर त्यांची. "आता सांग, तू कुठं व्हतास? अन् ह्यो लांबडा कुठं व्हता?" रुद्र दाणे सरकवत होता आणि त्या विचारत होत्या. रुद्रनं तीन माणसांतून चेंडू कसा काढला ते दाण्यांनी दाखवलं तेव्हा त्या टाळी वाजवून हसल्या. मी त्यांना चोवीस वर्षं ओळखतो, त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. मलाही बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मला तिथं थांबवेना.

दारापर्यंत त्या सोडायला आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, फायनलला मी येणार हाय."

मी म्हणालो, "वहिनी, लोक..."

"लोकांना सांगायचं न्हाई. मी बहिणीकडं, अनुसयाबाईकडं चालले म्हणून घरी सांगीन, तिची तब्येत बरी न्हाई म्हणून. यश्टीनं येईन, बायकांत बसंन. कोनाला दिसणार न्हाई. फकस्त तुमी मला पाहून ठेवा. अन् जिंकल्यावर सगळ्यांसमोर सांगा, ही व्हती म्हणून. माझ्या म्हणण्यावर कोन इश्वास ठेवीन? तुमी सर हात."

"हरलो तर?"

"हरलो तर मी गेलेच नव्हते," त्या म्हणाल्या. "पन न्हाई हरणार. रिंग बराबर हाय आता."

मी हो म्हणालो. शब्द दिला.

रविवारी हिंगोलीच्या मैदानावर मी त्यांना शोधलं. पाण्याच्या टाकीजवळ बायकांच्या घोळक्यात, पदर कपाळावर ओढून, मांडीवर पिशवी. त्यांनी मला बघितलं आणि हाताची दोन बोटं किंचित उचलली. मी मान हलवली. साक्ष झाली.

सामना कसा झाला हे सांगत बसत नाही, गावात अजून सगळे तेच सांगताहेत. एवढंच सांगतो की शेवटच्या मिनिटाला एक्कावन्न-एक्कावन्न अशी बरोबरी होती, आणि चार सेकंद राहिलेले असताना रुद्रला फाऊल मिळाला. दोन फ्री थ्रो. तेच टोक, तीच बाजू, समोर तेच गाव. मी रुद्रकडं बघितलंच नाही, टाकीकडं बघत राहिलो. वहिनी उभ्या राहिल्या होत्या. पदर खाली आला होता, त्यांना भान नव्हतं. पहिला थ्रो काठाला लागून बाहेर गेला. आमच्या बाजूनं एक मोठा उसासा निघाला. वहिनींनी स्वतःचं कोपर आत घेऊन दाखवलं, इतक्या लांबून, जणू तो बघणार होता. रुद्रनं बघितलं की नाही देव जाणे. दुसरा थ्रो टाकताना त्याचं कोपर आत होतं. चेंडू जाळीला हिसका देऊन खाली आला.

बावन्न-एक्कावन्न. आम्ही जिंकलो. लोक मैदानात धावले, व्यंकटरावांनी मला उचललं, आणि मी माणसांच्या डोक्यांवरून बघितलं तर त्या पिशवी छातीशी धरून रडत होत्या. दोन क्षण उभ्या राहिल्या आणि यश्टी पकडायला निघून गेल्या.

आमच्या आधी त्या गावात पोचल्या. आम्ही गुलाल उधळत आलो तेव्हा दिवस मावळत होता. पारावर माईक लावला होता. माझ्या गळ्यात हार घातला. व्यंकटराव बोलले, वैजनाथ बोलला, मग माईक माझ्या हातात दिला. वहिनी बायकांच्या पुढच्या रांगेत उभ्या होत्या. लुगडं बदललं होतं, केस विंचरले होते. माझ्याकडं बघत होत्या.

मी लोकांचे आभार मानले, मंडळाचे मानले, पोरांचे मानले. टेम्पोवाल्याचेसुद्धा मानले. नव्या रिंगांची गोष्ट आली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी त्या टाळ्या घेतल्या. वाटत होतं आता सांगावं, आता सांगावं. पण एवढी चांगली संध्याकाळ, सगळे खूश, गळ्यात हार, कशाला आत्ता तो विषय? उद्या सांगू, व्यंकटरावांना बाजूला घेऊन सांगू. मी माईक खाली ठेवला.

तेव्हा त्याच पुढं आल्या. माईकला हात लावला नाही. पण आवाज सगळ्यांपर्यंत गेला.

"मी व्हते तिथं," त्या म्हणाल्या. "हिंगोलीला. पयल्यापासून शेवटपत्तोर सामना पाह्यला मी. माझ्या डोळ्यासमोर जिंकलात तुमी. सरांना इचारा, सरांनी पाह्यलं मला."

सगळे माझ्याकडं वळले. वैजनाथ तर माझ्याकडं असा बघत होता, जणू मीच त्याची बायको पळवून नेली होती.

"व्हय," मी म्हणालो. "होत्या."

एवढंच म्हणालो. सगळं गाव ऐकत होतं आणि मी दोन शब्द बोललो.

वहिनींचा चेहरा उजळला होता. चोवीस वर्षांचं ओझं आता उतरणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. त्या व्यंकटरावांकडं बघत होत्या. व्यंकटरावांनी कपाळाला हात लावला, थोडा विचार केला आणि म्हणाले, "तरीच!"

"तरीच काय?" कोणीतरी विचारलं.

"तरीच एका गुनावर आलं म्हनलं! सेनगावला अकरानं मारलं, हिंगोलीला सातानं मारलं, अन् आजच काहून एकानं? आता कळलं. आरं, देवाची कृपा म्हना वाचलो. न्हाईतर वीसनं जिंकलो असतो आज."

गाव हसलं. वाईट हेतूनं नाही, हे मला मुद्दाम सांगितलं पाहिजे. जिंकलेलं गाव होतं, मोकळेपणानं हसलं. वहिनींनी रुद्रकडं बघितलं. त्याला ते कळायला हवं होतं. सुपातले दाणे त्यानंच सरकवले होते. पण वीस वर्षांचं पोर, खांद्यावर चषक, अंगावर गुलाल, सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. तो हसत म्हणाला, "म्हंजे माझा पयला थ्रो आईनं घालवला व्हय!"

पुन्हा हशा. वैजनाथ हसला. आणि मीसुद्धा हसलो. मला ते नोंदवून ठेवायचं आहे. मी हसलो.

बायकांनी आपसूक वाट दिली, वहिनी घराकडं गेल्या. हलग्या पुन्हा सुरू झाल्या.

रात्रभर मला झोप लागली असं सांगितलं तर तुम्हाला राग येईल, पण लागली. सकाळी मात्र उठलो तेव्हा तोंड कडू होतं. शाळेत गेलो तर वर्गात न जाता आधी शेडकडं गेलो. चूल पेटलेली, पातेल्यात पाणी ठेवलेलं. मैदानाकडची खिडकी बंद होती. तिच्या फळ्यांना आतून तांदळाची दोन पोती टेकवून ठेवली होती, म्हणजे सहज उघडू नये. आत धूर कोंडला होता. वहिनी डाळ निवडत होत्या.

मी दारात उभा राहून म्हणालो, "वहिनी, मला तुमाला एक सांगायचंय. लई वर्षांपासून सांगायचंय. त्या वेळी, तुमच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, सामना माझ्यामुळं गेला होता. दोन फ्री थ्रो मी चुकवले होते. आन् फाट्यावर तुमचं नाव पयल्यांदा मीच घेतलं."

त्यांनी मान वर केली नाही. डाळीतला एक खडा काढून बाजूला टाकला.

"म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या. "त्या रातीच म्हाईत झालं. नव्या नवरीला काय बोलावं ते ह्यांना कळत नव्हतं, म्हणून सामन्याचं सगळं सांगत बसले. दोन फेकी ओमच्या चुकल्या म्हणून सांगितलं. फाट्यावर काय बोलनं झालं तेबी सांगितलं. हसून सांगितलं."

"मग तुमी इतकी वर्षं कधी..."

"मी कशाला बोलू? मी वाट पाहून राहिले व्हते, तुमी कधी बोलता म्हणून. रिंग मोजली तवा वाटलं आता बोलतान. काल माईक हातात घेतला तवा तर मी पक्कं धरलं व्हतं."

"मी आज बोलतो. आत्ता पारावर जाऊन सगळ्यांना सांगतो."

आता त्यांनी माझ्याकडं बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"नगा आता," त्या म्हणाल्या. "काल सांगितलं असतं तर कामी आलं असतं. आता सांगाल तर म्हनतील, सरांनाबी हिनं नादी लावलं. अन् मला एकलीला सांगून काय फायदा, भाऊजी? मला तर म्हाईतच हाय."

बाहेर मैदानावर पोरं जमली होती. चेंडू आपटल्याचा आवाज आला, मग एक चेंडू काठाला लागल्याचा. वहिनींचे हात डाळीत थांबले. सवयीनं त्यांची मान खिडकीकडं वळली, पोत्यांवर नजर गेली, आणि त्या पुन्हा डाळ निवडू लागल्या.

"घंटा झाली, सर," त्या म्हणाल्या. चोवीस वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा भाऊजी म्हटलं नाही.